पंख्यावरची सही

४ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही, आत्या. सही करणार नाही. तू तेच तेच पुन्हा लिहिलंस तर कागद बदलेल, उत्तर नाही.

"तुमच्या कारखान्यात पंखे बनवतात की कागदाची भिरभिरी?" हे वाक्य मी फोरमनला वाचून दाखवलं. तो हसला नाही. कारण हा तिसरा पंखा आहे. एका हिवाळ्यात तीन! बाकीची गिऱ्हाइकं एक पंखा बसवतात आणि पाच वर्षं आमचं तोंड बघत नाहीत. तू मात्र दर महिन्याला पार्सलमध्ये मढं पाठवतेस.

आणि तुला काय शिकवायचं, तूच मला शिकवलंस. तुझ्या या गाडीत, भुंग्यात, पाणी नाही, रेडिएटर नाही. इंजिनाला जे वारं मिळतं ते त्या एका पंख्याचं. इंजिन एक फेरा मारतं तेव्हा पंखा जवळजवळ दोन मारतो. म्हणजे तू जोर केलास की त्याच्यावर दुप्पट नाही, चौपट येतो. पत्र्याच्या दोन चकत्या, मध्ये पाती. ती पाती सारखी बाहेर पळायला बघतात. गेल्या वर्षीच्या घाटाच्या शर्यतीत कोणाच्या तरी गाडीतलं एक पातं पंख्याची पेटी फोडून बाहेर आलं आणि दोरीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यात गेलं. म्हणूनच यंदा नियम आला: हवेवर थंड होणाऱ्या प्रत्येक गाडीला पंखा तपासणाऱ्याची सही हवी. तपासणारी मी. खांदा कोणाचाही असू शकतो.

तू म्हणतेस, मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना गिअर बदलते, एक फेरा वर जात नाही. तुझ्या पंख्याचा सख्खा भाऊ, त्याच दिवशी बनलेला, मी इथे पंखे फिरवून बघायच्या विटांच्या खोलीत त्याच वेगाने दिवसभर फिरवला. ओरखडासुद्धा नाही. मग तुझाच का फुटतो?

दुसरं. फोन का उचलत नाहीस? बाबा म्हणतात तू रुसलीस. कशावर ते त्यांनाही माहीत नाही, म्हणून आधीच माफी मागायला निघाले होते. मी थांबवलं. म्हटलं, कारण कळल्यावर एकदाच मागा.

तुझी,
टाचणी


९ फेब्रुवारी

टाचणे,

टोच, टोच. नाव मीच ठेवलं, भोगणार मीच.

मला म्हातारी म्हणायचं असेल तर सरळ म्हण. पंख्याच्या आडून कशाला? "खांदा कोणाचाही असू शकतो" म्हणे. तू जन्माला यायच्या आधीपासून मी तो घाट चढतेय. तिथल्या वळणांना मी नावं ठेवलीत, तीही चारचौघांत घेता येणार नाहीत अशी.

पाच हजार म्हणजे पाच हजारच. मीटर बघत नाही हे तुला माहीत आहे. आपल्या घरात कोणी बघितलंय? तुझ्या आजोबांनी मला आणि तुझ्या बापाला गाडी शिकवली तेव्हा आधी फेऱ्यांच्या मीटरवर औषधाची पट्टी चिकटवली. "काट्याकडे बघणाऱ्याने घड्याळं दुरुस्त करावीत," म्हणाले. इंजिन बोलतं. पाच हजाराला त्याचा आवाज चढतो, किंचाळायच्या बेतात येतो, तिथे गिअर टाकायचा. ती पट्टी अजून तिथेच आहे. तुझा बाप नंतर चोरून मीटर बघायला लागला, म्हणून तो बँकेत गेला आणि मी घाटात.

उलट सांगते, भुंगा हल्ली फार शहाणा झालाय. पूर्वी केवढा कलकलाट करायचा. आता वरच्या फेऱ्यांनाही गुळगुळीत, मऊ चालतो. इतकं सुधारलेलं इंजिन आणि पंखा फुटतो, म्हणजे दोष कोणाचा? नाचता येईना अंगण वाकडं. तुमचं वेल्डिंग बघ.

रुसले-बिसले नाही. फोनवर बोलणं आवडत नाही हल्ली. माणसं फोनवर पुटपुटतात. लिहिलं की निदान शब्द पुरा करावा लागतो. शेजारीण म्हणते मी घमेंडखोर झालेय, हाक मारली तरी वळून बघत नाही. वळून बघावं असं काही ती बोलली असती तर वळले असते.

दोन महिने आहेत शर्यतीला. सही तयार ठेव.

आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून चिडले, मग सायकलवरून घरी येताना चिडायचं विसरले. कारण तुझं एक म्हणणं खरं असू शकतं: चूक माझी.

मी पंखा कसा तपासते? हळूहळू वेग वाढवते, वरती नेऊन ठेवते, हळूहळू खाली आणते. देवाघरचा पंखा असल्यासारखा. तू तसं चालवत नाहीस. तू वळणाआधी झपकन खालचा गिअर टाकतेस, इंजिन एकदम उसळतं, पंख्याला मागून लाथ बसते. वर तुझा पंखा फिरवणारा पट्टा. तू पट्टा इतका ताणून बांधतेस की त्यावर कपडे वाळत घालावेत. तो जरा सैल असता तर अशा वेळी किंचित घसरला असता आणि लाथ अर्धीच बसली असती.

म्हणून तपासणी बदलली. वर, खाली, वर, खाली, दणादण. फोरमन म्हणाला, "हा पंखा आहे की तुझा वैरी?" दोन दिवसांनी पात्याच्या मुळाशी केसासारखा तडा दिसला. मी नाचले. तडा बघून नाचणारी बाई या कारखान्याने पहिल्यांदा बघितली.

तेव्हा नवीन पंखा केलाय. मागची चकती जाड, प्रत्येक पातं दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्ड, आणि बॅलन्स करताना एकटा पंखा नाही, ज्या दांड्यावर बसतो त्या दांड्यासकट. पाठवतेय. सोबत लहान पुली आहे. ती इंजिनावर बसवलीस की पंखा जरा हळू फिरेल. पट्टा अंगठ्याने दाबला तर बोटभर खाली जायला हवा. बोटभर म्हणजे बोटभर, तुझ्यासारखं नखभर नाही.

आणि एक विनंती. फक्त एका फेरीपुरती मीटरवरची ती पट्टी काढ. काटा कुठे जातो ते बघ आणि मला कळव. आजोबांना मी समजावीन.

टाचणी


२३ फेब्रुवारी

पंखा देखणा आहे. बसवला. पट्टा तू सांगितलास तसा केला, लाज वाटावी इतका सैल.

लहान पुली परत पाठवतेय. घाटातल्या वळणांवर गाडी मुंगीसारखी चालते, तिथे पंखा हळू झाला तर वारं कुठून येणार? तू फुंकणार आहेस?

पट्टी काढणार नाही. तुझे आजोबा समजूतदार नव्हते.

आत्या


६ मार्च

हाही गेला.

पार्सल उघडताना हातमोजे घाल. तुकडे धारदार आहेत. या वेळी पेटीलाही पोचा आलाय, आतून. इंजिन वाचलं, लगेच बंद केलं म्हणून.

मला वाटतं आता तरी कबूल करशील.

आ.


१४ मार्च

आत्या,

हे पत्र चार वेळा सुरू केलं. पहिल्यात ओरडले होते. दुसऱ्यात फार गोड बोलले, ते तर तू तिथल्या तिथे ओळखलं असतंस. तिसऱ्यात बाबांना मध्ये घातलं होतं. हे चौथं. यात फक्त जे झालं ते.

तुझे तुकडे टेबलावर मांडले. पाती मुळातून तुटली नव्हती. आधी बाहेर उमलली होती, वाऱ्यात छत्री उलटावी तशी, आणि मग तुटली होती. लाथेने असं होत नाही. लाथेने तडा जातो. उमलतं ते फक्त वेगाने.

म्हणून तसाच नवा पंखा विटांच्या खोलीत लावला आणि ठरवलं, आज हा फुटेपर्यंत थांबायचं नाही. इंजिनाच्या हिशेबात सांगते. पाच हजाराला काही नाही. सहा हजाराला काही नाही. साडेसहाला त्याचा आवाज असा झाला की फोरमन चहा तसाच ठेवून अंगणात निघून गेला. सव्वासाताच्या पुढे गेला आणि फुटला. जाड भिंतीआड उभी होते, कानांवर गोळे होते, तरी दात शिवशिवले. दार उघडून तुकडे गोळा केले, तुझ्या तुकड्यांशेजारी ठेवले. जुळ्या बहिणी. कुठली कोणती ते मलाच सांगता येईना.

म्हणजे तू सव्वासात हजारांच्या पुढे जातेस. निदान महिन्यातून एकदा.

आधी वाटलं खोटं बोलतेस. मग तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. "भुंगा हल्ली फार शहाणा झालाय. मऊ चालतो." आत्या, हवेवरचं इंजिन वय झालं म्हणून मऊ होत नाही. त्याच्या अंगावर पाण्याची गोधडी नसते. आत जे वाजतं ते सगळं बाहेर वाजतं, आणि जुनं होईल तसं जास्त वाजतं. सव्वासाताला तर ते असं किंचाळतं की रस्त्यापलीकडची कुत्री उठून जातील.

फोन नको. माणसं पुटपुटतात. शेजारणीची हाक.

तू रुसली नाहीस. तुला ऐकू येत नाहीये. निदान वरच्या पट्टीतलं तर नाहीच. ज्या आवाजाला तू गिअर टाकतेस तो आवाज येऊन जातो आणि तू त्याची वाट बघत बसतेस. तोवर पंखा मरतो.

सांगायचं नव्हतं तर मला लांबून तुकडे पाठवायचे नव्हतेस. मी तेच वाचते ना दिवसभर.

बाबांना सांगितलेलं नाही.

टाचणी


२९ मार्च

टाचणे,

तुझं पत्र फाडलं. मग चिकटवलं. मग पुन्हा फाडलं नाही, कारण चिकटपट्टी संपली.

दोन वर्षं झाली. आधी पाखरं गेली. मला वाटलं झाड तोडलं असेल कोणी. मग दाराची घंटा. मग तुझा आवाज, तो वरचा असतो ना, फोनवर तर नुसतं वारं ऐकू यायचं. बापाचा आवाज येतो, तो ढोल आहे. पण तो फोनवर काही सांगत नाही, नुसतं "बाकी?" विचारतो.

कानात यंत्र घालून बघितलं. घरात ठीक आहे. हेल्मेट घातलं की ते शिट्टी मारतं, आणि भुंग्यात बसलं की सगळ्या आवाजांचं एक कालवण होतं. काढून ठेवलं.

का सांगितलं नाही? तुझा बाप लगेच किल्ली मागेल. ओरडून नाही, प्रेमाने. प्रेमाने मागितलेली किल्ली परत मिळत नाही. आणि लोकांचं बघितलंय मी. ऐकू येत नाही म्हटलं की मोठ्याने नाही बोलत, सावकाश बोलतात, जणू कानाबरोबर अक्कलही गेली. गेल्या आठवड्यात दुकानातल्या पोरीने मला साबण हातवारे करून दाखवला. साबण! मी समोर बघत होते त्याच्याकडे.

पण पोचा आलेली पेटी रोज बघतेय. त्या पोच्याच्या रेषेत पुढे काय होतं माहीत आहे? माझ्या गॅरेजचं दार, आणि दारापलीकडे शेजारणीची खुर्ची. ती त्या दिवशी बसलेली नव्हती. घमेंडखोर तर घमेंडखोर, पण तेवढी नाही मी.

म्हणून आठवड्यापूर्वी पट्टी काढली. इतक्या वर्षांत काचेला चिकटून बसली होती, सुरीने खरवडावी लागली. खाली काटा. माझ्या वयाचा, नवाकोरा.

आमच्या इथल्या बंद कारखान्यामागच्या मोकळ्या पटांगणात गेले. काटा बघत चालवायला लागले तर तुझे आजोबा अर्धे बरोबर निघाले. काटा बघितला की वळण चुकतं. दोनदा कुंपणाजवळ जाऊन थांबले. मग हेल्मेट काढलं, खिडक्या लावल्या, डोळे काट्यावर ठेवले आणि गाडी उभी करून नुसतं इंजिन वर नेलं. हळू. आणि अंग काय सांगतंय ते बघत बसले. साडेचारला मांडीखालचा पत्रा मुंग्या आणतो. पाचला मुंग्या पाठीत जातात. साडेपाचच्या जरा आधी सगळं थांबतं, स्टिअरिंग गुळगुळीत होतं, जणू गाडीने श्वास धरला. तिथे गिअर. रोज सकाळी जाते. आता काट्याकडे नंतर बघते, खात्री करायला. दहातले नऊ बरोबर येतात.

तुझी लहान पुली पाठव. परत केली ती माझी अकड होती. आणि आकडा सांग. किती फेऱ्यांच्या खाली राहू म्हणजे तू सही करशील? तू सांगशील त्याच्या खाली राहीन. शर्यत मी चढणार आहे, त्यात बोलणी नाहीत. बाकी सगळ्यात आहेत.

आयोजकांना मात्र कळवू नकोस. सुरुवातीला भोंगा वाजतो. ऐकू येत नाही म्हटलं तर रांगेतूनच काढतील.

आत्या


५ एप्रिल

आत्या,

पुली पाठवली. आकडा साडेपाच हजार. सहा नाही. तू म्हणशील सहालाही टिकला होता. टिकला, विटांच्या खोलीत. घाटात खड्डे आहेत, ऊन आहे, आणि तू आहेस.

दहातले नऊ म्हणजे एक राहतो. तो एक मी पंख्यात घातलाय. नवीन पंखा मी तुझ्यासारखा चालवला: लाथा, उसळ्या, मध्येच सव्वासहापर्यंत उडी, परत खाली. आठवडाभर. रोज संध्याकाळी भिंगाने मुळं बघितली. तडा नाही. फोरमन आता त्या पंख्याला "बाईंचा" म्हणतो आणि त्याला हात लावायच्या आधी हात पुसतो.

लहान पुलीचं तुझं म्हणणं खरं आहे, वळणावर वारं कमी पडेल. म्हणून वळणावर गाडी रेंगाळू देऊ नकोस. आधीच खालचा गिअर घे, फेरे चार हजारांच्या आसपास ठेव. मुंग्या येण्याच्या जरा अलीकडे, तुझ्या भाषेत.

आता तुला न आवडणारं.

सही मी करीन. पण माझी सही पंख्यावर आहे, तुझ्या लपवण्यावर नाही. भोंगा ऐकू येत नाही हे तू स्वतः जाऊन सांगायचं. वर कोणी थांबायचा इशारा करत शिट्टी मारली आणि तू चढत राहिलीस तर पंखा कितीही मजबूत असून काय उपयोग? मी सांगणार नाही. बाबाही नाहीत. त्यांना मी काल सांगितलं, चिडू नकोस, त्यांनी किल्लीचं नावही काढलं नाही. नुसतं म्हणाले, "म्हणजे मी दोन वर्षं फोनवर एकटाच 'बाकी, बाकी' करत होतो?"

कागद मी स्वतः घेऊन येतेय. तू शर्यतीच्या तपासनिसाला सांगताना मी शेजारी उभी असेन. सांगितलंस तर तिथेच सही. नाहीतर कागद घडी घालून परत खिशात. काढतील तर काढतील. आपण भांडू. पण लपून चढायचं नाही.

टाचणी


२१ एप्रिल, सुरुवातीच्या रेषेवर

टाचणे,

हे तपासनिसाच्या पेनाने लिहितेय, बोनेटवर कागद ठेवून. तोच तुला दोरीपलीकडे आणून देईल. बरा माणूस आहे. मघाशी त्याने तुला बाहेर काढलं त्याबद्दल राग धरू नकोस. तू सही करून झाल्यावरही त्याच्याशी भांडत होतीस, आणि मी जिंकत आलेलं भांडण तू हरणार होतीस.

तू गेल्यावर काय झालं ते सांगते. समितीतले तिघे जमले. एक म्हणाला, तुमच्या भावाला चालवू द्या. सावकाश म्हणाला, तोंड मोठं करून. मी त्याला त्याहून सावकाश म्हटलं, भाऊ, बँकेत, होता. दुसरा म्हणाला नियमात भोंगा आहे. मी म्हटलं नियमात भोंगा आहे, कान कुठे आहेत? वाचून दाखवा. त्यांनी खरंच वाचलं. कान नव्हते. मग मीच म्हटलं, झेंडा द्या. रेषेवर एक, आणि प्रत्येक वळणावरच्या माणसाच्या हातात एक लाल. शिट्टी मारायची तिथे लाल दाखवा. मला डोळे आहेत, आणि ते आता काट्याकडेही बघतात.

तिसरी बाई होती. ती उठून स्वतःच झेंडे आणायला गेली. घाटभर ते वाटून होईपर्यंत उशीर, म्हणून माझा नंबर सगळ्यात शेवटी. चालेल.

म्हणजे आता ते सगळ्यांना माहीत आहे. रांगेतल्या प्रत्येक गाडीवाल्याला. दोघं माझ्याकडे बघून हात हलवून "ठीक आहे ना?" करून गेले, जणू मी काचेत आहे. एकाने मात्र येऊन पंखा बघितला आणि कुठून केला ते विचारलं, नेहमीच्या आवाजात. ओठांवरून कळलं. तुझं नाव दिलं.

इंजिन चालू आहे. काटा हजाराच्या वर थोडा थरथरतोय आणि बोनेटवरचं हे अक्षरही. मुंग्या अजून नाहीत.

तू दोरीपलीकडून काहीतरी ओरडतेयस. दोन्ही हात तोंडाशी धरून. तुझा बापही. काय ते कळत नाही. पुन्हा ओरडतेयस. पट्टा? तपासला, बोटभर आहे. साडेपाच? लक्षात आहे. की आणखी काही, ते खाली आल्यावर सांग, तोंडासमोर उभी राहून. आता सांगून उपयोग नाही आणि मला थांबायचंही नाही. माझ्या पुढची गाडी पहिल्या वळणाआड गेली. ती बाई झेंडा घेऊन समोर उभी राहिलीय, माझ्याकडे बघतेय, मी मान हलवायची वाट बघतेय.

हलवते. निघाले.